अल्प डाउन पेमेंटचे गृहकर्ज (भारत)

घराच्या किमतीचा लहानसा भाग खरेदीदाराने स्वतः भरावा आणि उरलेली रक्कम बँकेने किंवा गृहवित्त कंपनीने कर्जाऊ द्यावी, अशा व्यवस्थेला अल्प डाउन पेमेंटचे गृहकर्ज म्हणतात. खरेदीदाराच्या हिश्शाला बँकेच्या परिभाषेत ‘मार्जिन मनी’ असे नाव आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्या अल्प उत्पन्न कुटुंबाला मासिक हप्ता एक वेळ झेपतो. परंतु भाडे भरता भरता काही लाख रुपये एकरकमी साठवणे बहुधा अशक्य होते. त्यामुळे घरखरेदीतील पहिला अडसर व्याजाचा नसून या रकमेचा असतो.

कर्जाची मर्यादा

डाउन पेमेंट किमान किती असावे, हे भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांतून ठरते. घराच्या मूल्याच्या तुलनेत किती कर्ज देता येईल याचे प्रमाण बँकेने घालून दिले आहे : ३० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जासाठी ७५ टक्के. ऑक्टोबर २०१५ पूर्वी ९० टक्क्यांची सवलत २० लाखांपर्यंतच्या कर्जालाच लागू होती. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. बँक स्वतःच्या मूल्यांकनानुसार कर्ज ठरवते. मूल्यांकन कमी आले तर तफावत खरेदीदारालाच भरून काढावी लागते. किमतीचा जो भाग करारनाम्यात दाखवलेलाच नसतो, त्यावर अर्थातच कर्ज मिळत नाही.

प्रत्यक्ष लागणारी रोख रक्कम

‘फक्त १० टक्के भरा’ ही जाहिरातीतील भाषा अपुरी आहे, कारण मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क साधारणपणे या हिशेबात धरले जात नाही. उदाहरणार्थ, पुण्यासारख्या शहरात २५ लाखांची सदनिका घेतल्यास ९० टक्के कर्ज २२ लाख ५० हजार रुपये होते आणि स्वतःचा हिस्सा २ लाख ५० हजार. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरल्यास १ लाख ७५ हजार आणि १ टक्का नोंदणी शुल्क २५ हजार रुपये होते. म्हणजे हाती किमान साडेचार लाख रुपये हवेत. इमारत बांधकामाधीन असेल आणि घर परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल, तर त्यात १ टक्का वस्तू व सेवा कराची भर पडते.

घराची किंमत १० लाखांच्या आत असल्यास मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च किमतीत मिळवून कर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये दिली. मुंबई-पुण्याच्या परिसरात १० लाखांत घर मिळणे दुर्मीळ असल्याने या मुभेचा तेथे विशेष उपयोग होत नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे; पतीसह संयुक्त खरेदीला ती मिळत नाही.

शासकीय अनुदान

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या कर्जसंलग्न घटकात वार्षिक ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना कर्जाच्या पहिल्या ६ लाखांवर ६.५ टक्के व्याज-अनुदान होते. ते एकरकमी सुमारे २ लाख ६७ हजारांपर्यंत जाई. हा घटक मार्च २०२२ मध्ये संपला. २०२४ मध्ये आलेल्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी व २५ लाखांपर्यंतच्या कर्जासाठी, पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान आहे. कमाल १ लाख ८० हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत मिळतात. कुटुंबाच्या मालकीचे पक्के घर देशात कोठेही नसावे, अशी अट आहे.

दोन्ही अनुदानांचे स्वरूप मात्र नीट ध्यानात घ्यावे. रक्कम कर्जवितरणानंतर कर्जखात्यात जमा होते. तिने कर्जाचा भार हलका होतो, पण डाउन पेमेंटच्या दिवशी ती हाती नसते. त्या दिवसाची तजवीज भविष्य निर्वाह निधी, भिशी, सोनेतारण किंवा नातेवाइकांकडून हातउसने घेऊनच केली जाते. डाउन पेमेंटही व्याजाने काढल्यास एकाच घरासाठी दोन हप्ते सुरू होतात.

हमी

अमेरिकेत १९३४ मध्ये स्थापन झालेले ‘फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ कर्जाचा विमा उतरवते, आणि म्हणून पात्र कर्जदाराला ३.५ टक्के भरूनही घर घेता येते. विम्याचा हप्ता कर्जदारच भरतो. भारतात २०१२ मध्ये अल्प उत्पन्न गटाच्या गृहकर्जांसाठी पतजोखीम हमी निधी न्यास स्थापन झाला. त्याचे व्यवस्थापन सुरुवातीला राष्ट्रीय आवास बँकेकडे होते. येथे हमीचे संरक्षण कर्ज देणाऱ्या संस्थेला असते, कर्जदाराची परतफेडीची जबाबदारी त्याने कमी होत नाही.

जोखीम

वरील उदाहरणात ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे २०,२४० रुपये येतो. २० टक्के भरले असते तर तो सुमारे १८,००० रुपये झाला असता. सुरुवातीला वाचलेल्या अडीच लाखांसाठी २० वर्षांत सुमारे ५ लाख ४० हजार रुपये जातात. दरमहा ५० हजार मिळवणाऱ्या कुटुंबाच्या उत्पन्नाचे दोन पंचमांश हप्त्यातच संपतात, आणि व्याजदर बदलता असेल तर हा वाटा वाढू शकतो. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकल्यास खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार ६० दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याची कारवाई करता येते. खरेदीदाराचा हिस्सा लहान असल्याने किंमत थोडी उतरली तरी घर विकून कर्ज पूर्ण फिटेलच असे नाही.