थिनरचा वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं नाही! कामगाराच्या नाकाजवळची हवा मोजतात कशी?

मुंबई : गावाकडची बरीच पोरं एमआयडीसीत पेंटिंग, प्रिंटिंग नाहीतर चिकटवणीच्या कामाला लागतात. पहिले दोन-चार दिवस थिनरच्या वासानं डोकं दुखतं, मग म्हणतात, सवय झाली. सवय नाकाला होते, फुप्फुसाला नाही. थिनरमधलं टोल्यूइन आत जायचं तेवढं जातंच. म्हणून वासावर न जाता हवा मोजावी लागते.

मोजायची पद्धत साधी आहे. कामगाराच्या कॉलरला, नाकापासून फूटभराच्या आत, काचेची बारीक नळी लावतात आणि कमरेला छोटा पंप. नळीत कोळसा असतो, तोही नारळाच्या करवंटीचा! पंप हळूहळू हवा ओढतो, मिनिटाला फार तर 200 मिलीलीटर, आणि वाफ कोळशाला चिकटते. कोळशाचे दोन भाग असतात, पुढे 100 मिलिग्रॅम, मागे 50. मागच्या भागातही बरीच वाफ सापडली तर नळी भरून वाहिली असं समजून तो नमुना बाद धरतात. बाकी हिशेब प्रयोगशाळेतलं गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्र करतं.

नुसतं भिंतीला मीटर टांगून भागत नाही. स्प्रे गन हातात असलेल्याला कोपऱ्यातल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त वाफ लागते.

जुन्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात टोल्यूइनची मर्यादा 8 तासांच्या सरासरीला 100 पीपीएम दिली होती, म्हणजे हवेच्या 10 लाख भागांत 100 भाग. 15 मिनिटांसाठी 150. इथंच खरी मेख आहे. चार तास 180 आणि चार तास 10 असेल तर सरासरी येते 95. कागदावर पास! पण 15 मिनिटांची मर्यादा तर कधीच ओलांडलेली असते. आणि 12 तासांची पाळी असेल तर 80 पीपीएमसुद्धा 8 तासांच्या हिशेबानं 120 होतं.

मोजणीच्या दिवशी काम हळू चालवलं, सगळी दारं उघडी ठेवली, तर आकडा कमीच येणार. त्या दिवशी काय काम झालं, किती डबे वापरले, हे मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

भोपाळनंतर 1987 साली कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्य-सुरक्षेची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क कामगाराला तेव्हा मिळाला, 2020 च्या नव्या संहितेतही तो आहे. कारखाने तपासणाऱ्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं मुख्य कार्यालय वांद्रे पूर्वेला, बीकेसीतल्या कामगार भवनात आहे. मात्र अगदी थोडे कामगार असलेले छोटे गाळे कायद्यातल्या कारखान्याच्या व्याख्येत बसत नाहीत, आणि चिकटवणीची कामं तर तिथंच जास्त चालतात.

आणखी एक. सुट्टी झाल्यावर थिनरनं हात धुतले तर ते कातडीतूनही अंगात जातं. कॉलरवरच्या नळीला ते दिसत नाही, त्यासाठी लघवी तपासावी लागते. कापडी मास्कनंही वाफ अडत नाही, कोळशाचं कार्ट्रिज असलेलाच मास्क लागतो.