पिटो नळीचा पिवळा दिवा

मे महिन्यात दोंडाईच्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, तेव्हाही गावाच्या डोक्यावर साधारण पाच किलोमीटरवर पाणी गोठेल इतकी थंडी असते. पावसाळी ढगांत शून्याखालीही न गोठलेले पाणी तरंगत असते आणि विमानाला लागताच त्याचा बर्फ होतो. म्हणून खान्देशावरून उंच जाणाऱ्या प्रवासी विमानांच्या नाकाजवळच्या छोट्या नळ्या विजेने सतत तापवलेल्या असतात.

ही पिटो नळी. आंरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली सीन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजायला ती वापरली. नळीच्या तोंडात समोरच्या हवेचा दाब शिरतो, बाजूच्या छिद्रांतून भोवतालचा दाब मिळतो. दोहोंतल्या फरकावरून वेग निघतो. बर्फाने तोंड बंद झाले आणि पाणी निथळायचे छिद्रही बुजले, तर जुना दाब आत कोंडून राहतो. विमान वर चढते तसा बाहेरचा दाब घटतो, फरक वाढतो आणि काटा वेग वाढल्याचे दाखवू लागतो. वैमानिक नाक आणखी वर करतो. प्रत्यक्षात वेग कमी होत असतो, आणि शेवटी पंखांची उचलच संपते.

१ डिसेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्क राज्यात नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे बोइंग ७२७ नेमके असेच पडले. विमानात प्रवासी नव्हते. तिन्ही कर्मचारी गेले. नळी तापवायचे बटण चालूच केलेले नव्हते. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेने मोठ्या विमानांसाठी नियम केला: तापवणे बंद असेल किंवा एखादी नळी तापत नसेल, तर वैमानिकाला दिसेल असा पिवळा दिवा लागलाच पाहिजे.

बोइंग ७३७ मध्ये हे दिवे डोक्यावरच्या फलकावर असतात, दोन बटणांखाली चार-चार. कॅप्टनची पिटो, सहवैमानिकाची पिटो, शेपटाकडच्या नळ्या, हवेचा कोन मोजणारी पाती, तापमान मोजणारी दांडी, प्रत्येकाचा दिवा वेगळा. बटण बंद असताना दिवे पेटलेलेच असतात. चालू केले की विझतात. जो विझत नाही, त्याची नळी तापत नाही. एअरबस ए३२० मध्ये इंजिन सुरू होताच संगणक हे काम हाती घेतो आणि बिघाड झाला तर पडद्यावर नळीच्या नावासह संदेश येतो.

ही रचना मला अतिशय प्रामाणिक वाटते. पण ती पहारा देते विजेवर, नळीच्या तोंडावर नाही. तारेतून प्रवाह वाहतो आहे का, एवढेच तिला कळते. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानात तापवणे चालू होते. उंचावरच्या बर्फकणांचा मारा त्या उष्णतेला पेलवला नाही. वेगाची माहिती मिनिटभराहूनही कमी वेळ चुकीची होती, तरी गोंधळलेल्या वैमानिकांच्या हातून विमान अटलांटिकमध्ये पडले. २२८ जण गेले. उलट, ११ फेब्रुवारी २०१८ रोजी मॉस्कोजवळ पडलेल्या सारातोव्ह एअरलाइन्सच्या विमानात इशारा समोर होता, पण तापवणे बंदच राहिले. ७१ जण गेले. इशारा येवो न येवो, वेगाचा काटा खोटे बोलू लागला की विमानाचे नाक किती वर आणि इंजिनाला जोर किती, या दोन आकड्यांवर उडता आलेच पाहिजे. २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडिगोचे विमान गारपिटीत सापडले, वेग आणि कोनाविषयीचे इशारे एकामागून एक आले. वैमानिकांनी ते हाताने उडवत वादळाबाहेर काढले आणि श्रीनगरला सुखरूप उतरवले.

दोंडाईच्याच्या आसपास आता शिरपूर, धुळ्याचे गोंदूर आणि जळगाव इथे वैमानिक घडतात. त्यांची छोटी विमाने बर्फाच्या उंचीवर सहसा जात नाहीत. इथे नळीचा शत्रू वेगळा आहे: कुंभारीण माशी. उघडी नळी दिसली की ती चिखल भरून घर करते. १९९६ साली डोमिनिकन प्रजासत्ताकात बिर्गेनएअरचे विमान पडून १८९ जण गेले, तेव्हा तपासकर्त्यांचा संशय अशाच माशीच्या घरट्यावर होता. नळ्यांवर आच्छादन घातलेले नव्हते. चिखल बसला तरी तार मात्र व्यवस्थित तापते. तेव्हा दिवा गप्पच राहतो.

म्हणून इथे शिकणाऱ्या मुलामुलींना एवढीच विनंती: उन्हाळा आहे म्हणून पिटो हीटची तपासणी टाळू नका. उतरल्यावर विमान थंड झाले की नळीवर लाल फीत लावलेले आच्छादन चढवा, उड्डाणाआधी ते काढा, आणि नळीचे तोंड स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.