वाऱ्याची वीज आणि घरची काटकसर

युरोप खंडाच्या उत्तर भागांत डेन्मार्क नांवाचा एक चिमुकला देश आहे. त्याची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. त्याच्या पोटांत कोळशाच्या मोठ्या खाणी नाहींत आणि उंच डोंगर नसल्यामुळें वीज देणारे धबधबेही नाहींत. असें असतां २०२३ सालीं तेथें निर्माण झालेल्या विजेपैकीं निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळाली. हें ऐकून आपण सहज म्हणतों, 'यंत्रविद्येचा केवढा हा पराक्रम!' परंतु त्या देशाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे यंत्राहून निराळीच गोष्ट नजरेस येते. ती गोष्ट संसार नीट चालविण्याची आहे, आणि म्हणूनच ती वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

इ. स. १९७३ मध्यें अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा आखडता घेतला आणि थोड्याच महिन्यांत तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. डेन्मार्कला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारें नव्वद टक्के भाग त्या वेळीं परदेशच्या तेलावर अवलंबून होता. सरकारनें नोव्हेंबरपासून रविवारीं खासगी मोटारी चालविण्यास मनाई केली. रस्त्यांवरील व दुकानांतील दिवे कमी केले. लोक पायीं किंवा सायकलीवर हिंडूं लागले. पुढें फेब्रुवारींत ती बंदी उठली. संकटकाळीं काटकसर कोणीही करतो. संकट टळल्यावर ती जो टिकवितो तोच खरा संसारी. या कसोटीस तो देश उतरला, हें त्याचें वैशिष्ट्य होय.

१९८६ सालीं तेल पुन्हां स्वस्त झालें, तेव्हां हा प्रश्न उभा राहिला. मधल्या काळांत लोकांनीं भिंतींना आंतून उष्णता धरून ठेवणारें अस्तर लावलें होतें, खिडक्यांना दुहेरी कांचा बसविल्या होत्या, नव्या घरांचे नियम कडक झाले होते. तेल स्वस्त होतांच हें सारें व्यर्थ वाटूं लागलें असतें. म्हणून सरकारनें स्वस्ताईचा लाभ सरळ लोकांच्या पदरीं न टाकतां तेलावरील व कोळशावरील कर वाढविले. हा उपाय कोणास गोड लागण्याजोगा नव्हता. परंतु हातीं चार पैसे खुळखुळूं लागतांच जुनी उधळपट्टी परत येऊं नये, ही दूरदृष्टि त्यांत होती.

दुसरी गोष्ट चुलीची. त्या देशांत हिंवाळा कडक असल्यामुळें घर ऊबदार ठेवण्यासच इंधन फार लागतें. इकडे कोळसा जाळून वीज करणाऱ्या कारखान्यांत निम्म्याहून अधिक उष्णता वाफेबरोबर व पाण्याबरोबर फुकट जाते. ही वाया जाणारी उष्णता पाण्यांत घेऊन, तें ऊन पाणी जमिनीखालच्या नळांनीं घरोघर खेळवावें, अशी व्यवस्था तेथील शहरांत पूर्वींपासून थोडीफार होती. १९७९ च्या कायद्यानें गांवोगांवच्या नगरपालिकांवर तिची योजना आंखण्याचें काम सोंपविलें. आज सुमारें दोन तृतीयांश घरांना अशा सामाईक नळांतून ऊब मिळते. एकत्र कुटुंबांत एका चुलीवर वीस माणसांचा स्वयंपाक होतो. वीस चुली निराळ्या पेटविल्या तर लांकूड किती लागेल, हें सुगृहिणीस सांगावयास नको. डेन्मार्कनें साऱ्या गांवाची चूल एक केली, एवढाच याचा अर्थ. परिणाम असा झाला कीं १९८० नंतर देशाचें उत्पन्न पुष्कळ वाढलें, पण ऊर्जेचा एकूण खप जवळजवळ होता तेथेंच राहिला.

आतां वाऱ्याकडे वळूं. सारा जन्म शाळेंत गेल्यामुळें या कथेंतील एक गोष्ट मला विशेष सुखविते. तिचा आरंभ एका शिक्षकापासून होतो. पॉउल ला कूर हे आस्कोव्ह या खेड्यांतील लोकशाळेंत शिकवीत. १८९१ सालीं त्यांनीं तेथें पवनचक्कीवर वीज निर्माण करण्याचे प्रयोग सुरू केले. वारा पडल्यावर काय, ही अडचण त्यांनाही भेडसावीत होती. म्हणून त्या विजेनें पाण्याचें पृथक्करण करून हायड्रोजन वायु सांठवावयाचा व त्यावर शाळेचे दिवे लावावयाचे, अशी युक्ति त्यांनीं काढली. खेड्यांतील तरुणांसाठीं त्यांनीं विजेच्या कामाचे वर्गही चालविले. ला कूर १९०८ सालीं वारले. पण त्या वर्गांत शिकलेल्या योहानेस यूल यांनीं १९५७ सालीं गेडसर येथें तीन पात्यांची, २०० किलोवॅटची चक्की उभारली. पुढें आलेल्या मोठ्या यंत्रांस हीच नमुना झाली.

यंत्र मिळालें तरी तें कोणाच्या मालकीचें, हा प्रश्न उरतोच. तेथें शेजारीपाजारी भाग घेऊन, सहकारी मंडळी स्थापून चक्क्या विकत घेऊं लागले. राजधानी कोपनहेगनसमोर समुद्रांत २००० सालीं वीस चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतील निम्म्या साडेआठ हजारांहून अधिक सभासदांच्या एका सहकारी मंडळीच्या होत्या. साम्सो नांवाच्या सुमारें चार हजार वस्तीच्या बेटाची १९९७ सालीं सरकारी स्पर्धेंत निवड झाली. तेथेंही सोरेन हर्मान्सेन या शिक्षकानेंच गांवकऱ्यांच्या सभा घेऊन लोकांस राजी केलें. दहा वर्षांच्या आंत तें बेट स्वतःस लागणाऱ्या विजेहून अधिक वीज निर्माण करूं लागलें. परक्याची चक्की खिडकीसमोर फिरूं लागली कीं तिचा आवाज कानांस टोंचतो. स्वतःच्या चक्कीचा तोच आवाज उत्पन्नाचा वाटतो. हा मनुष्यस्वभाव ओळखण्यांत त्या लोकांचें शहाणपण दिसतें.

परंतु स्तुतीच्या भरांत दोष झांकणें बरें नव्हे. करांच्या बोज्यामुळें तेथील घरगुती वीज युरोपांत महागांत मोडत आली आहे. वारा पडला म्हणजे समुद्रांतील तारांवाटे नॉर्वेच्या जलविद्युतेकडे हात पसरावा लागतो. कोळशाऐवजीं पुष्कळ ठिकाणीं लांकूड जाळतात, व त्यांतील कांहीं परदेशांतून येतें; झाड जळावयास एक घटका पुरते, पण वाढावयास अनेक वर्षें लागतात. उत्तर समुद्रांतलें तेल तो देशही काढीत आला असून, २०५० पर्यंत तें थांबविण्याचा निश्चय त्यानें २०२० सालीं केला. समुद्रांतील नव्या चक्क्यांसाठीं सरकारनें पुकारलेल्या लिलावाची मुदत डिसेंबर २०२४ मध्यें संपली, तेव्हां एकही बोली आलेली नव्हती. म्हणजे हें व्रत अद्याप सांग झालेलें नाहीं.

आपला या देशाशीं संबंध अगदींच नाहीं असें नव्हे. १९८६ सालीं रत्नागिरी, ओखा व तिरुनेलवेली या भागांत प्रयोगादाखल पवनचक्क्या उभारल्या, त्यांत ५५ किलोवॅटचीं डेन्मार्कचींच यंत्रें होतीं. यंत्रें विकत आणतां येतात. ज्या काटकसरीवर तीं उभीं राहतात ती मात्र विकत आणतां येत नाहीं; ती घरांतच जोपासावी लागते. छपरावर सौर पॅनेल बसविण्याचा विचार हल्लीं पुष्कळ घरांत चालू आहे, आणि तो स्तुत्यच आहे. त्याच्या आधीं विजेचें बिल एकदां साऱ्या कुटुंबाच्या बैठकींत वाचावें, कोणत्या खोलींत काय विनाकारण चालतें तें मुलांनाच शोधावयास सांगावें, आणि जें वांचेल त्याचा हिशेब त्यांच्याच हातीं द्यावा. ला कूर यांनीं दिव्याइतकेंच शिष्यांकडेही लक्ष दिलें. त्यांच्या निधनानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनीं त्यांच्या विद्येस गेडसर येथें फळ आलें, तें त्या शिष्यांमुळेंच.