बांध एक, प्रकरणं दोन
बांधावरून मारामारी झाली की वकिलाकडे दोन फायली येतात, एक दिवाणी, एक फौजदारी. दिवाणी दाव्यात प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यायची. कोर्ट ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. इथे सातबारा, मोजणीचा नकाशा महत्त्वाचा. ज्याचं म्हणणं अधिक संभवनीय, त्याचं पारडं जड. फौजदारीत मात्र गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करणं सरकार पक्षाचं काम. म्हणून आरोपीचा वकील उलटतपासात पंचाला विचारतो, ‘पंचनामा शेतात लिहिला की ठाण्यात?’ आरोपी कोठडीत असताना 60 दिवसांत, गंभीर गुन्ह्यात 90 दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. पण जामिनाचा अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्याआधी हवा. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावं.