पन्नास हर्ट्झचं नातं

डेन्मार्कमधलं जुनं टर्नटेबल दाभोळात आणून विजेला जोडलं, तर ते बरोबर वेगाने फिरतं. अमेरिकेतून आणलेलं मात्र व्होल्टेज जुळवून जोडलं तरी रेंगाळतं. विजेवर थेट चालणाऱ्या जुन्या मोटरचा वेग विजेच्या आवर्तनांवर ठरतो. भारतात आणि युरोपात ती सेकंदाला ५०, अमेरिकेत ६०. तिकडच्या टर्नटेबलवर ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड इथे मिनिटाला २८ फेऱ्याही पुऱ्या करत नाही. गाण्याची पट्टी काळी-पांढरी धरून हार्मोनियमच्या तीन पट्ट्यांनी उतरते आणि कोकिळकंठी गायिका बुवा होऊन बसते!

पण शौकीन स्कँडिनेव्हियन यंत्रांसाठी झुरतात ते काही एवढ्यासाठी नव्हे. डेन्मार्कच्या स्ट्रूअर गावात १९२५ साली पीटर बँग आणि स्वेन्ड ओलुफसेन यांनी कंपनी काढली. तिचं १९७२ चं बिओग्राम ४००० आजही संग्राहकांच्या स्वप्नात येतं. डिझायनर याकोब येन्सेनने घडवलेला त्याचा देखणेपणा बाजूला ठेवू, खरी गंमत सुई धरणाऱ्या भुजेत आहे. मूळ रेकॉर्ड कोरताना सुई कडेकडून मध्याकडे सरळ रेषेत सरकते. नेहमीच्या टर्नटेबलची भुजा एका टोकाला खिळलेली, त्यामुळे तिची सुई कमानीत फिरते आणि बहुतेक वेळ चरीत किंचित तिरकी बसते. बिओग्राममध्ये अख्खी भुजाच सरळ रेषेत सरकते. चरीमागे जाताना ती जराशी कलली, की प्रकाशाच्या झोतावर लक्ष ठेवणाऱ्या संवेदकाला ते कळतं आणि छोटी मोटर तिला पुन्हा सरळ करते. आजोबांच्या ७८ च्या तव्यांना मात्र इथे प्रवेश नाही. वेग फक्त ३३ आणि ४५.

वीज जुळली तरी हवा कुठे जुळते? दाभोळच्या किनाऱ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यात वाशिष्ठीच्या मुखावरचा खारा वारा. विनाइलला पाणी शोषायचं ठाऊक नाही, पण कागदी पाकिटांवर बुरशी धरते. तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो आणि बटण फिरवलं की स्पीकर खरखरतो. स्पीकरच्या शंकूभोवतीची फोमची कड तर दमटपणाने आतून विरते, बोट लावलं की भुगा. आतले कपॅसिटर उष्णतेने सुकतात, मग गाण्याखाली एकसुरी गुणगुण ऐकू येते.

पावसाळ्यात बंद कपाटात कमी वॅटचा पिवळा बल्ब पेटता ठेवायचा, हा कॅमेरेवाल्यांचा जुना उपाय इथेही चालतो. बल्बच्या उबेने कपाटातली सापेक्ष आर्द्रता घटते. फक्त टर्नटेबलचा रबरी बेल्ट त्या उबेपासून लांब ठेवायचा. तो आधीच म्हातारा झालेला असतो आणि काढायला गेलं की डांबरासारखा बोटांना चिकटतो.