तार ते दार : लेखांक ५
ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत

होटगी हे सोलापूरजवळचं जुनं जंक्शन. मुंबई-चेन्नई मार्ग इथून वाडीकडे जातो आणि विजयपूर-गदगचा फाटा इथूनच सुटतो. १८८०च्या दशकात हा फाटा झाला तो मीटरगेजचा. मुख्य मार्ग मात्र ब्रॉडगेजचा. पुढची शंभराहून अधिक वर्षं दोन मापांचे रूळ या परिसरात शेजारी-शेजारी होते आणि एकावरचा डबा दुसऱ्यावर चालत नव्हता. एका वाघिणीतला माल दुसरीत चढवायचा तर मधे माणसंच लागायची. आता फाटाही ब्रॉडगेज झाला आहे. पण आपण या लेखमालेत ज्या सरकारी इंटरनेटचा माग काढतो आहोत, तिथे हा मापबदल अजून शिल्लक आहे. दिल्लीतून निघालेली तार ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत येते. तिथून घराच्या दारापर्यंत जे जायचं असतं, म्हणजे दाखला, उतारा, अनुदान, त्याचं माप वेगळं असतं. मधे माल हलवणारी माणसं लागतात आणि सगळ्या योजनेत सर्वांत कमी विचार झाला तो त्या माणसांचा. आजचा लेखांक त्यांच्याविषयी आहे. पण आधी तारेचं पाहू.

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रत्येकी १०० एमबीपीएस वेगाची जोडणी द्यायची, तीही दोन वर्षांत, असा संकल्प होता. पैसा येणार होता सार्वत्रिक सेवा दायित्व निधीतून. दूरसंचार कंपन्या आपल्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा या निधीत भरतात, म्हणजे तुमच्या-माझ्या फोनबिलातून तो जमा होतो. २०१५ मध्ये योजनेचं नाव भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने काम स्वतःकडे घेतलं आणि महानेट या नावाने महाआयटी या राज्याच्या कंपनीमार्फत चालवलं. आज देशभरात २ लाख १४ हजारांच्या आसपास ग्रामपंचायती ‘सेवेसाठी सज्ज’ म्हणून मोजल्या जातात.

‘सज्ज’ कशाला म्हणायचं, हे समजून घेण्यासारखं आहे. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये एक मोठं यंत्र असतं. त्यातून निघालेला प्रकाश एका केसाएवढ्या काचतंतूतून धावतो, वाटेत विभागला जातो आणि एकेका ग्रामपंचायतीच्या कार्यालयातल्या लहान डब्यापर्यंत पोचतो. डब्याला वीज हवी, वीज गेली तर बॅटरी हवी. सुरुवातीच्या आराखड्यात ही मांडणी सरळ रेषेची होती. तालुक्याहून निघालेली केबल पहिल्या गावाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. रस्ता रुंद करताना किंवा पाण्याची पाइपलाइन टाकताना जेसीबीचा दात मधेच कुठे लागला, की पलीकडची सगळी गावं एकदम बंद. डबा भिंतीवर आहे, नोंदवहीत गाव ‘सज्ज’ आहे आणि दिवा मात्र लाल. खोदणाऱ्याने आधी कळवावं म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये एक ॲपही काढलं, यावरून हा उपद्रव किती मोठा होता ते कळतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात सरळ रेषेऐवजी वलयाची मांडणी आहे. केबल एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने संदेश फिरून येईल. शिवाय देखभालीची जबाबदारी बीएसएनएलकडे एकत्र दिली आहे आणि ग्रामीण भागात दीड कोटी घरगुती जोडण्यांचं लक्ष्य आहे. पहिल्या आराखड्यातली चूक नेमकी ओळखलेली आहे, म्हणून हा बदल मला आशादायक वाटतो.

आता मधल्या माणसांकडे येऊ.

होटगी दक्षिण सोलापूर तालुक्यात येते. या तालुक्याचं तहसील कार्यालय सोलापूर शहरात आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, काहीही असो, पूर्वी शहर गाठणं आलंच. अंतर तसं फार नाही. पण साहेब दौऱ्यावर, सर्व्हर बंद, एक झेरॉक्स कमी, असं होऊन दुसरी खेप झाली की शेतमजूर बाईची दोन दिवसांची मजुरी बुडते. सरकारी सेवा ऑनलाइन झाली म्हणजे काय झालं, याचं माझ्या दृष्टीने एकच मोजमाप आहे : तिचे किती हेलपाटे वाचले. केबलचे किलोमीटर त्यानंतर मोजावेत.

हे हेलपाटे गावातच थांबवावेत म्हणून राज्याने २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्प सुरू केला. संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, असं त्याचं पूर्ण नाव. ग्रामपंचायतीत संगणक आला, प्रिंटर आला आणि ते चालवायला संगणक परिचालक आला. पुढे संग्रामची जागा आपले सरकार सेवा केंद्राने घेतली. नाव बदललं, चालवणारी कंपनी बदलली. खुर्चीवर बसलेला परिचालक बहुतेक ठिकाणी तोच राहिला. जन्ममृत्यूच्या नोंदी, नमुना ८चा उतारा, घरपट्टीचा हिशेब, ग्रामपंचायतीचे जमाखर्च, शिवाय वरून येणाऱ्या प्रत्येक नव्या योजनेची ‘ऑनलाइन माहिती भरा’ ही फर्मानं, सगळं त्याच्याच बोटांखालून जातं. त्याचं मानधन ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतून कापून, मधल्या कंपनीमार्फत यायचं आणि अनेकदा महिनोन्महिने थकायचं. सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा मिळावा म्हणून हे परिचालक मुंबईच्या आझाद मैदानावर आणि नागपूरच्या अधिवेशनावर वर्षानुवर्षं मोर्चे काढत आले आहेत. हजारो कोटींची केबल ज्याच्या टेबलापाशी येऊन थांबते, त्याला वेळेवर पगार देता येऊ नये, ही गोष्ट मला फार खटकते. तो संपावर गेला की गावापुरती सगळी डिजिटल व्यवस्था संपावर जाते. जोडणीचा वेग कितीही असो.

परिचालकाच्या टेबलासमोर उभी असलेली बाई हे दुसरं टोक. तिच्याकडे फोन असतोच असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ३८ टक्के स्त्रियांनी आपण कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. पुरुषांमध्ये हे प्रमाण साडेएकसष्ट टक्के होतं. ग्रामीण भागात दोन्ही आकडे आणखी खाली. नंतरच्या वर्षांत परिस्थिती नक्कीच सुधारली, कारण डेटा स्वस्त झाला. मागच्या लेखांकात आपण पाहिलं, की २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडायचे ते आता दहाच्या आसपास आले. पण घरात स्मार्टफोन असणं आणि बाईच्या हातात तो असणं यात अंतर आहे. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा असतो किंवा मुलाचा, आणि मुलगा पुण्याला कामाला. ओटीपी तिकडे वाजतो. केंद्रावर रांगेत उभं राहून मुलाला फोन लावायचा, तो शिफ्टमध्ये असतो, तो उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपते.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेने हे सगळं एकदम उघड्यावर आणलं. जुलै २०२४ मध्ये अर्ज सुरू झाले तेव्हा राज्यभर सेतू केंद्रांसमोर आणि अंगणवाड्यांसमोर रांगा लागल्या. महिना १५०० रुपये ही रक्कम या घरांमध्ये लहान नाही. अर्ज भरणं हा पहिला टप्पा. त्यानंतर कळलं, की खातं असून भागत नाही, ते आधारशी जोडलेलं हवं. अनेकींनी आयुष्यात पहिल्यांदा बँकेत जाऊन ‘माझं आधार सीडिंग झालंय का’ असं विचारलं. या एका योजनेने जेवढ्या बायकांना आपला फोननंबर, आपलं खातं आणि आपलं आधार यांची सांगड घालायला शिकवलं, तेवढ्यांना कुठल्याही डिजिटल साक्षरता अभियानाने शिकवलं नसेल, असं माझं मत आहे. आणि मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली. तिच्यात बाईच्या स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी मागितला गेला. ज्यांचे नवरे वारले, सोडून गेले, वडीलही हयात नाहीत, त्यांनी कोणाचा ओटीपी आणायचा? ओरड झाल्यावर अशा बायकांसाठी वेगळी सोय करावी लागली आणि मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवावी लागली. हा दोष यंत्राचा नव्हता. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकट्या बाईचं घरच नव्हतं.

बोटाच्या ठशांची अडचण सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको. विडी वळणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात आणि रेशन दुकानातल्या यंत्राला त्या ओळखू येत नाहीत. डोळ्यांच्या बुबुळाचा किंवा ओटीपीचा पर्याय असतो, पण तो सांगणारा दुकानदार भला हवा.

शेतकऱ्याचं काम त्या मानाने अधिक सुकर झालं आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. पीककर्जासाठी बँकेने उतारा मागितला की तलाठ्याची वाट पाहायचे दिवस गेले. या सीमाभागात एक गंमतशीर गुंता आहे : काहींची काही जमीन महाराष्ट्रात, तर काही एकर पलीकडे कर्नाटकातल्या विजयपूर जिल्ह्यात. कर्नाटकाने ‘भूमी’ ही संगणकीय भूअभिलेख व्यवस्था २००१च्या सुमारासच उभी केली होती, आपल्या कितीतरी आधी. अशा शेतकऱ्याला दोन राज्यांची दोन संकेतस्थळं, दोन लिप्या आणि दोन प्रकारचे उतारे सांभाळावे लागतात. घरी कन्नड बोलून मराठी शाळेत शिकलेला माणूस दोन्हीकडे निभावून नेतो. यंत्रणा मात्र एकमेकींना ओळखत नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या ई-पीक पाहणीने पेऱ्याची नोंद शेतकऱ्याच्याच हाती दिली. बांधावर उभं राहून फोटो काढायचा आणि पाठवायचा. कल्पना चांगली. फक्त तुरीच्या रानात रेंज हवी, आणि भारतनेटची तार तर ग्रामपंचायतीत थांबलेली असते.

गावाला काय हवं हे आधी विचारावं, याचा धडा आपल्याच राज्यात फार पूर्वी मिळालेला आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या सत्तर गावांत केंद्र सरकारच्या मदतीने ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प झाला. गावोगावी संगणक केंद्रं उघडली. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण असं बरंच काही त्यातून मिळेल अशी स्वप्नं होती. काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन पाहिलं तर शेतकरी ती केंद्रं प्रामुख्याने एकाच कामासाठी वापरत होते : आपल्या उसाचं वजन किती भरलं, खताचा हिशेब काय, कारखान्याकडून पैसे किती निघाले. हे तर साध्या मोबाइलवर एसएमएसने कळू शकतं, असं संशोधकांच्या लक्षात आलं. सात गावांत तसा प्रयोग केला आणि लोकांना तोच अधिक आवडला. महागडा संगणक जाऊन खिशातला स्वस्त फोन आला, कारण गरज काय आहे हे कोणीतरी शेवटी नीट पाहिलं.

आता होटगीसारख्या गावातल्या वाचकाला उद्यापासून उपयोगी पडेल असं थोडं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ हा कायदा फार कमी लोक वापरतात. त्यानुसार अधिसूचित केलेली प्रत्येक सेवा किती दिवसांत द्यायची हे ठरलेलं आहे, आणि त्या सेवांची, मुदतीची व शुल्काची यादी कार्यालयात दिसेल अशी लावणं बंधनकारक आहे. अर्ज दिला की तारीख आणि क्रमांक असलेली पोच मागून घ्या. ऑनलाइन केला असेल तर क्रमांक आपोआप मिळतो, तो लिहून ठेवा. ‘सर्व्हर डाउन आहे, नंतर या’ हे उत्तर तोंडी घेऊन परत फिरू नका. पोच नसेल तर मुदत मोजायला सुरुवातच होत नाही. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील त्याच खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करता येतं. तिथे न्याय मिळाला नाही तर दुसरं अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. सबळ कारणाशिवाय सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. वकील लागत नाही.

आणि येत्या ग्रामसभेत चार गोष्टी विचारा. भिंतीवरच्या डब्याचा दिवा गेल्या महिन्यात किती दिवस हिरवा होता? तो बंद पडला तर तक्रार कोणाकडे केली, तिचा क्रमांक काय? परिचालकाचं मानधन कोणत्या महिन्यापर्यंत मिळालं आहे? आणि शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र यांपैकी कुठे ही जोडणी पुढे नेली आहे? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. इतिवृत्ताची प्रत मागण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

पुढच्या लेखांकात : रेशनचं यंत्र आणि झिजलेल्या बोटांचे ठसे.