कर्करोगाच्या पेशीचे बटण बंद करणारी गोळी

गच्चीवरची टाकी भरली की घरातले कोणीतरी धावत जाऊन मोटर बंद करते. पण बटणच अडकून बसले तर? टाकी वाहू लागते, पाणी जिन्यावरून खाली येते आणि बादल्यांनी कितीही उपसले तरी संपत नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात असेच घडते. अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी तयार होतच राहतात. कित्येक वर्षे डॉक्टरांच्या हाती मुख्यतः पाणी उपसणेच होते, म्हणजे वाढलेल्या पेशी औषधांनी मारत राहणे.

हे बटण म्हणजे प्रोटीन कायनेज. आपल्या शरीरात अशी पाचशेहून अधिक प्रथिने आहेत. त्यांचे काम दिसायला अगदी किरकोळ. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या पदार्थातून एक फॉस्फेट उचलायचे आणि दुसऱ्या प्रथिनाला चिकटवायचे. ते चिकटले की दुसरे प्रथिन कामाला लागते. वाढ, दोन हो, जागा सोड, असे कितीतरी हुकूम पेशीत याच मार्गाने पोहोचतात. काम झाले की फॉस्फेट काढून टाकणारी प्रथिनेही असतात, म्हणून निरोगी पेशीत सारे सुरळीत चालते.

बटण कुठे अडकले?

१९६० साली फिलाडेल्फिया येथे पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. त्याचे कारण शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ साली दाखवून दिले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापल्या तुकड्यांची अदलाबदल केली होती. राउलीबाई गुणसूत्रांची छायाचित्रे कापून घरी जेवणाच्या टेबलावर जुळवत बसत आणि मुले त्यांना कागदी बाहुल्या खेळता म्हणून चिडवत!

या अदलाबदलीत एबीएल नावाच्या कायनेजचे जनुक बीसीआर या दुसऱ्या जनुकाला जोडले जाते. त्यातून निघालेले प्रथिन बंद होणे विसरते. हा बिघाड जन्मानंतर केव्हातरी एखाद्या पेशीत होतो, आईबापांकडून मुलांत येत नाही. सोयरीक जुळवताना नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घेतले तरी पुष्कळ झाले.

स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी (पुढे नोव्हार्टिस) कंपनीतील निकोलस लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कायनेजच्या एटीपी बसण्याच्या खाचेतच अडकणारे रसायन तयार केले. पण सगळीच कायनेजे एटीपी वापरतात, मग हे औषध सगळ्यांनाच बंद पाडणार नाही का, अशी शंका होती. शिवाय या आजाराचे रुग्ण थोडे, तेव्हा नफा तो किती? अमेरिकेतील पोर्टलंडचे डॉक्टर ब्रायन ड्रुकर मात्र पिच्छा सोडेनात. जून १९९८ मध्ये रुग्णांवर चाचणी सुरू झाली. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिबला परवानगी मिळाली. पुढे मोठ्या चाचणीत ही गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते.

किमतीचे काय?

भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा तरुण वयात, ऐन कमावत्या माणसांना गाठतो. कंपनीच्या गोळीचा खर्च महिन्याला सुमारे सव्वा लाख रुपये होता, तर भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. कंपनी पुष्कळ रुग्णांना औषध फुकट देत असे, हेही सांगितले पाहिजे; पण दानावर संसार किती दिवस चालणार? मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पेटंटला हरकत घेतली. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली.

सगळे कर्करोग मात्र इतके सरळ नसतात. या ल्युकेमियात मुख्यतः एकच बटण अडकलेले असते, तर फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या पसरलेल्या गाठीत अनेक. गाठीतून सुटून रक्तावाटे दुसऱ्या अवयवात घर करायला पेशीला शेजारणीची पकड सोडावी लागते, सरपटावे लागते. एसआरसीसारखी कायनेजे त्यात हात देतात. ती रोखून कर्करोगाचा फैलाव थांबवण्याच्या प्रयत्नांना अजून मोठे यश आलेले नाही. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ईजीएफआर हे कायनेज बिघडलेले असते, सिगारेट कधी न ओढलेल्या स्त्रियांतसुद्धा. तेथे गोळीने पसरलेला रोगही झपाट्याने आटतो, पण बहुधा एक-दोन वर्षांत पेशी पळवाट शोधतात. म्हणून औषध ठरवण्याआधी गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

बरे वाटले म्हणून सोडू नका

इमॅटिनिब बटण दाबून धरते, दुरुस्त करत नाही. दोन महिन्यांत चेहऱ्यावर तजेला आला की घरात कुजबुज सुरू होते, ‘आता कशाला रोज गोळी?’ लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांचा रोग अगदी खोलवर आटोक्यात आला. त्याहून कमी घेणाऱ्यांत हे प्रमाण तीस टक्केही नव्हते. गोळी जेवणाबरोबर, मोठा पेला भरून पाण्यासोबत घ्यावी. डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे, मळमळ असे त्रास होतात. ते डॉक्टरांना सांगावेत, स्वतःच मात्रा कमी करू नये. मूल हवे असेल तर आधीच बोलावे, कारण गर्भाला धोका असतो.

साधारण दर तीन महिन्यांनी रक्तातील बीसीआर-एबीएलचे प्रमाण मोजतात. ते वाढू लागले तर डासॅटिनिब, निलोटिनिब यांसारख्या पुढच्या गोळ्या आहेत. ते कित्येक वर्षे जवळजवळ शून्य राहिलेल्या काही रुग्णांची गोळी आता डॉक्टर देखरेखीखाली थांबवून पाहतात. त्यांतल्या निम्म्या-अर्ध्यांचा आजार परततो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच. आणि गोळी पुन्हा सुरू केली की जवळजवळ सर्वांचा पुन्हा आटोक्यात येतो.